मान आधी वळते

मेंदूच्या देठात, थॅलॅमस आणि पॉन्स यांच्यामध्ये, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा मध्यमेंदू बसलेला असतो. त्याच्या पाठीवर मटारच्या दाण्यांसारखे चार उंचवटे असतात. वरची जोडी मुख्यतः नजरेची, खालची आवाजाची.

भाईंदर स्थानकात मोबाइलमध्ये डोके घातलेल्या प्रवाशाच्या डावीकडून न थांबणाऱ्या गाडीचा भोंगा येतो. तो डाव्या कानात आधी शिरतो, उजव्यात किंचित नंतर. हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी. पॉन्स तो टिपतो आणि खालच्या उंचवट्यांकडे धाडतो. वर जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या श्रवणवाटा तिथे थांबूनच पुढे जातात. दचकणे मात्र पॉन्समधूनच होते. मध्यमेंदूचे काम वळण्याचे.

वरच्या उंचवट्यांचे वरचे थर डोळ्याच्या पडद्याकडून बातमी घेतात, खोल थरांत आवाज आणि स्पर्शही येऊन मिळतात. इथे खरी अडचण असते. कान डोक्याला पक्के, डोळे मात्र खोबणीत फिरते; म्हणजे डोळा हलला की दोघांच्या ‘डावीकडे’चा मेळ बसत नाही. खोल थरांतल्या अनेक पेशी डोळ्याची स्थिती धरून आवाजाची जागा नजरेच्या नकाशावर सरकवतात, आणि हे काम बऱ्याच अंशी साधते. मग उजव्या उंचवट्यातून निघालेले तंतू बाजू ओलांडून मानेच्या मज्जारज्जूत उतरतात आणि मान डावीकडे वळते. उत्तनच्या कोळणीच्या पाटीतल्या माशात मध्यमेंदूचे हेच उंचवट्यांचे छत दृष्टीचे मुख्य केंद्र असते. माणसात तो मान मोठ्या मेंदूकडे गेला, जुनी चाकरी मात्र सुटली नाही.

उंचवट्यांच्या जरा पुढे बाहुलीची प्रतिक्षिप्त क्रिया चालते. डॉक्टर एका डोळ्यात बॅटरी मारतात, बाहुल्या दोन्ही आकसतात, कारण निरोप दोन्ही बाजूंच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रकांना जातो. एडिंगरने हे केंद्रक 1885 मध्ये गर्भात, वेस्टफालने 1887 मध्ये प्रौढात दाखवले. डोक्याला मार लागल्यावर एकच बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर या केंद्रकाचा निरोप बाहुलीकडे नेणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूवर दाब आल्याची शंका घेतात आणि धावपळ सुरू होते.

वरच्या उंचवट्यांना लगामही आहे. मध्यमेंदूतलाच कृष्णद्रव्याचा एक भाग त्यांना सतत दाबून धरतो. नजर उडवायची वेळ आली की तेवढ्यापुरती पकड सुटते. पार्किन्सनमध्ये याच द्रव्याच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, तेव्हा ही पकड नीट सुटत नाही आणि ठरवून टाकलेली नजर आखूड पडते. अचानक काही दिसल्यावर आपसूक वळणारी नजर त्या मानाने बरीच शाबूत राहते.