विश्लेषण : मागे डिस्क ब्रेक बसवले, मग हँडब्रेक कुठे गेला? जुन्या स्पोर्ट्स कारला वेगळा पार्किंग कॅलिपर का लागतो?

डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार १९६९ मध्ये आली. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक होते. आज ही गाडी जपणारे अनेक हौशी मालक मागचे ड्रम काढून तिथे डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसवतात. गाडी थांबते छान, पण चढावर उभी करून हँडब्रेक ओढला की लक्षात येते, तो ड्रमबरोबरच निघून गेला आहे!

असे का होते?

ड्रममध्ये पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक एकच शू वापरतात. पाय दाबला की तेलाचा दाब शूला ढकलतो, हँडब्रेक ओढला की केबल ढकलते. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंनी समोरासमोर पिस्टन असतात. तिथे केबलने पिस्टन ढकलणारी यंत्रणा बसवायला सहसा जागाच नसते.

तेलाच्या दाबावरच गाडी उभी ठेवली तर?

काही जण ब्रेक दाबून तेलाचा दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो पार्किंग ब्रेक नव्हे. सील किंचित गळले तरी दाब उतरतो. शिवाय तापलेली डिस्क आणि पॅड थंड होताना आकुंचन पावतात, त्यामुळे पकड सैल होते. मालक दुकानात असताना गाडी हळूच निघू शकते. म्हणूनच पार्किंग ब्रेकची अंतिम पकड तेलावर नव्हे, यांत्रिक असावी लागते.

जोर किती लागतो?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या १३-एच नियमानुसार पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के उतारावर रोखून धरली पाहिजे आणि हाताचा जोर ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा जास्त लागता कामा नये.

आता हिशेब करू. ११०० किलोची गाडी अशा उतारावर सुमारे २१५ किलोच्या जोराने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि पॅड डिस्कच्या केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर धरला, तर डिस्कवर अडीचपट, म्हणजे दोन्ही चाके मिळून सुमारे ५४० किलोचे घर्षण हवे. घर्षणांक ०.४ आणि डिस्कच्या दोन बाजू धरल्या, तर प्रत्येक कॅलिपरने डिस्क सुमारे ३४० किलोच्या जोराने आवळली पाहिजे.

हाताचे ४० किलो लिव्हरमुळे सहापट झाले तर २४० होतात, दोन केबलमध्ये वाटून प्रत्येकी १२०. म्हणजे कॅलिपरवरील लिव्हरने तो जोर किमान तिप्पट करायला हवा. केबलमधील घर्षण धरले तर त्याहूनही जास्त.

ड्रमला हे सोपे का जाते?

ड्रम फिरू पाहतो तेव्हा तो एका शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि पकड आपोआप वाढते. डिस्कला ही फुकटची मदत मिळत नाही. आपल्याकडच्या अनेक हॅचबॅक गाड्यांना मागे अजूनही ड्रम असतात, त्यामागे कमी खर्चाबरोबर सोपा हँडब्रेक हेही कारण आहे.

यावर उपाय काय?

कंपन्यांनी तीन मार्ग काढले. पोर्शे ९११ मध्ये मागच्या डिस्कच्या मधल्या भागात हँडब्रेकसाठी छोटा ड्रम आहे. अनेक गाड्यांत एकाच पिस्टनच्या कॅलिपरमध्ये स्क्रूची यंत्रणा असते. १९६१ मध्ये आलेल्या जग्वार ई-टाइपमध्ये मात्र हँडब्रेकचे वेगळे छोटे कॅलिपर आहेत. जुन्या गाडीत बदल करणाऱ्यांना हा तिसरा मार्ग सोयीचा, कारण मुख्य कॅलिपरला हात लावावा लागत नाही. त्याच डिस्कवर दुसऱ्या जागी, ब्रॅकेटच्या आधाराने, केबलवर चालणारा छोटा कॅलिपर बसतो.

बसवताना कुठे चुकते?

सर्वात आधी ब्रॅकेटमध्ये. तो लवचीक असेल तर हाताची ओढ ब्रॅकेट वाकवण्यातच संपते. दुसरे, जोर वाढवला की हालचाल घटते. त्यामुळे पॅड आणि डिस्कमधील फट थोडी जरी जास्त राहिली तरी लिव्हर शेवटपर्यंत येतो आणि पकड मिळत नाही. फट फारच कमी ठेवली तर चालताना पॅड घासून डिस्क तापते. तिसरे, सस्पेन्शन वर-खाली होताना केबल ताणली जाता कामा नये, कॅलिपरही चाकाच्या रिमला लागता कामा नये.

हे पॅड चालत्या गाडीत वापरले जात नाहीत, त्यामुळे ते डिस्कवर नीट बसायला वेळ लागतो. मोकळ्या जागी कमी वेगात काही वेळा हलकेच हँडब्रेक ओढून ते बसवावे लागतात.

शेवटची चाचणी चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे घ्यावी. मदतनीस गाडीत बसलेला हवा, पाय ब्रेकजवळ हवा आणि गाडीच्या खालच्या बाजूला कोणी उभे नको. तापलेले ब्रेक थंड झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तेव्हाही गाडी जागची हलली नाही, तरच काम झाले.