बालकांसाठी योग्य माध्यम-आशय : निर्णयाधिकार कोणाचा?

प्रस्तावना :
आधुनिक काळात कुटुंब व शाळा यांच्याबरोबरीने प्रसारमाध्यमे ही बालकाच्या सामाजीकरणाचे प्रभावी साधन बनली आहेत. बालकाने काय पाहावे हे शासनाने ठरवावे, माध्यमसंस्थांनी की पालकांनी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका न्यायालयीन प्रकरणाच्या आधारे केला आहे.

शासनाची भूमिका :
१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमान्वये चित्रपटांचे प्रमाणन होते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली चित्रपटांचे पूर्वपरीक्षण व वयानुसार वर्गीकरण घटनासंमत ठरविले. ही व्यवस्था चित्रपटगृहाच्या दारावर उभी होती. तेथे प्रेक्षकाचे वय पाहता येत असे. दूरचित्रवाणीने तो दारच काढून टाकला.

मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरण :
मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी केबलवरील प्रौढांच्या चित्रपटांविरुद्ध जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने अशा प्रक्षेपणास प्रतिबंध केला. २००६ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांचे प्रक्षेपण वर्ज्य झाले. यामुळे बालकांचे संरक्षण झाले, हे मान्य करावे लागेल. परंतु प्रौढ प्रेक्षकाची निवडही त्याबरोबर संकुचित झाली, हा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही.

स्वनियमन व पालक :
२०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. परंतु तक्रार ही कार्यक्रम पाहिल्यानंतरच होते, ही स्वनियमनाची मर्यादा होय. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑनलाइन आशयासाठी ७, १३ व १६ वर्षांवरील असे वर्ग आणि पालकांसाठी कुलूप-सुविधा सुचविण्यात आली. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांनाही हेच वयोगट लागू झाले. येथे निर्णयाचे केंद्र शासनाकडून घराकडे सरकले.

मात्र अधिकार मिळणे व तो वापरता येणे यांत अंतर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक परिसरात पाळीवर जाणाऱ्या पालकांचा विचार करावा. घरात एकच भ्रमणध्वनी असेल व त्याचा संकेतशब्द मुलानेच ठरविलेला असेल, तर पालकाचा अधिकार कागदावरच राहतो. अशा घरातील अपयशाचा दोष केवळ पालकांना देणे अन्यायाचे ठरेल.

बालकाचा हक्क :
भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १७ व्या कलमात उपयुक्त माहिती मिळण्याचा हक्क व हानिकारक आशयापासून संरक्षण या दोहोंचा उल्लेख आहे. १२ व्या कलमानुसार बालकाचे मतही विचारात घ्यावयाचे आहे. म्हणजेच बालक हे केवळ संरक्षणाचा विषय नाही.

निष्कर्ष :
हा निर्णय कोणा एकाचा असू शकत नाही. किमान मर्यादा शासनाने आखावी, आशयाची प्रामाणिक व समजेल अशा भाषेतील माहिती माध्यमांनी द्यावी, अंतिम निवड पालकांनी बालकाशी बोलून करावी. पालकांना त्यासाठी सक्षम करण्याचे कार्य महाविद्यालये राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून करू शकतात. वरील याचिका एका प्राध्यापिकेने केली होती, हे आपण अध्यापकांनी विसरू नये.