पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : नवरक्तवाहिन्यांची निर्मिती व प्रतिमाचित्रण – एक विवेचन

सारांश :
कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी तिला स्वतःचा रक्तपुरवठा उभारावा लागतो. या प्रक्रियेस नवरक्तवाहिनीजनन असे म्हणतात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात ही प्रक्रिया कशी घडते, एमआरआय व सोनोग्राफीच्या साहाय्याने ती कशी पाहिली जाते आणि अशा दर्शनाचा रुग्णास कितपत उपयोग होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : पुरःस्थ ग्रंथी, नवरक्तवाहिनीजनन, व्हीईजीएफ, एमआरआय, कॉन्ट्रास्ट द्रव्य, बायोप्सी.

प्रस्तावना :
पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच नित्य व्यवहारातील ‘प्रोस्टेट’, ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी होय. मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधून जातो. त्यामुळे उतारवयात तिचा मध्यभाग वाढला की लघवीस त्रास होऊ लागतो. ही वाढ कर्करोग नव्हे. कर्करोग बहुतांशी ग्रंथीच्या बाह्य भागात उद्भवतो आणि म्हणूनच आरंभी तो कोणतेही लक्षण दाखवीत नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगभरात या कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आढळले व सुमारे ४ लाख मृत्यू झाले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे ३८ हजार होती.

या रोगाच्या निदानात एक मूलभूत अडचण आहे. रक्तातील पीएसए या प्रथिनाचे प्रमाण कर्करोगात वाढते; परंतु ते ग्रंथीच्या साध्या वाढीत व दाहातही वाढते. पीएसए वाढलेले दिसताच सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने ग्रंथीच्या ठरावीक दहा-बारा ठिकाणांहून सुईने ऊतींचे नमुने घेणे, ही दीर्घकाळ रूढ असलेली पद्धत होय. यात सुई गाठीत शिरेलच याची खात्री नसते. शिवाय सापडलेला प्रत्येक कर्करोग घातक असतोच असे नाही. कित्येक कर्करोग इतके संथ असतात की त्यांवर उपचार न करता केवळ लक्ष ठेवणे पुरते. तेव्हा ‘कर्करोग आहे काय?’ याबरोबरच ‘तो धोकादायक आहे काय?’ हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, अशी आशा संशोधकांनी बाळगली होती.

उद्दिष्टे :
१. नवरक्तवाहिनीजननाची प्रक्रिया स्पष्ट करणे.
२. या वाहिन्यांच्या प्रतिमाचित्रणाच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
३. या पद्धतींची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

नवरक्तवाहिनीजनन – संकल्पना :
प्राणवायू रक्तवाहिनीतून बाहेर पडून ऊतीमध्ये साधारणतः १०० ते २०० मायक्रोमीटर इतक्याच अंतरापर्यंत झिरपू शकतो. त्यापलीकडील पेशी उपाशी राहतात. नळाची वाहिनी पोहोचल्याशिवाय नवी वसाहत वाढू शकत नाही, तसेच गाठीचेही असते. अमेरिकन शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, नव्या वाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ काही मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही. म्हणून हा पुरवठा तोडणे हाच उपचार ठरू शकेल. प्रारंभी या मतास फारसा पाठिंबा मिळाला नाही. पुढे १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांच्या गटाने वाहिन्या झिरपऱ्या करणारा एक घटक वर्णिला. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिन्यांची वाढ घडविणारे प्रथिन वेगळे केले. हे दोन्ही घटक एकच असल्याचे दिसून आले. हेच प्रथिन आज व्हीईजीएफ या नावाने ओळखले जाते.

प्राणवायू कमी पडला की पेशीतील एचआयएफ हा घटक टिकून राहतो व व्हीईजीएफची निर्मिती वाढवितो. पेशी प्राणवायूचे प्रमाण कसे ओळखतात, या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गाठीने घाईने उभारलेल्या या वाहिन्या निरोगी वाहिन्यांसारख्या नसतात. त्या वेड्यावाकड्या व असमान रुंदीच्या असून त्यांच्या भिंती गळक्या असतात. हाच गळकेपणा प्रतिमाचित्रणाचा पाया आहे.

पुरःस्थ ग्रंथीतील विशेष :
या ग्रंथीचा कर्करोग पुरुष संप्रेरकांवर अवलंबून असतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले. पुरुष संप्रेरकांचा व्हीईजीएफच्या निर्मितीशीही संबंध असल्याचे पुढील संशोधनात आढळले. संप्रेरके बंद केली असता ग्रंथीतील वाहिन्याही आक्रसतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले.

१९९३ मध्ये वाइडनर व सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या ग्रंथींतील सूक्ष्मवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. ज्यांचा रोग अन्यत्र पसरला होता, त्यांच्या गाठींत वाहिन्यांची संख्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७२ रुग्णांच्या अभ्यासाने या निष्कर्षास वेगळे वळण दिले. त्यात वाहिन्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा आकार अधिक बोलका ठरला. ज्यांच्या गाठींतील वाहिन्या बारीक व वेड्यावाकड्या होत्या, त्यांच्यात रोग प्राणघातक होण्याचे प्रमाण अधिक होते. सारांश, वाहिन्या किती आहेत यापेक्षा त्या कशा आहेत, हे महत्त्वाचे ठरले.

प्रतिमाचित्रणाच्या पद्धती :
(अ) डॉप्लर व सूक्ष्मबुडबुडे : डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह रंगरूपाने दिसतो, परंतु कर्करोगातील अतिसूक्ष्म वाहिन्या तिच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणून शिरेवाटे वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते तांबड्या पेशींच्या आकाराचे किंवा त्याहून लहान असल्याने केशवाहिन्यांतून सहज फिरतात व ध्वनिलहरी जोरकसपणे परत फेकतात. हे बुडबुडे वाहिनीबाहेर पडत नसल्यामुळे त्यांच्याद्वारे केवळ रक्तप्रवाहाचेच चित्र मिळते.

(आ) कॉन्ट्रास्टयुक्त गतिमान एमआरआय : यात गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेवाटे देऊन दर काही सेकंदांनी ग्रंथीची चित्रे घेतली जातात. हे द्रव्य गळक्या वाहिन्यांतून ऊतीत झिरपते. त्यामुळे कर्करोगग्रस्त भाग सभोवतालच्या भागापेक्षा लवकर उजळतो व बहुधा लवकर फिकाही होतो. या झिरपण्याच्या वेगाचे गणिती मापन ‘के-ट्रान्स’ या संज्ञेने करतात.

(इ) बहुघटकी एमआरआय : रचना दाखविणारे चित्र, पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखविणारे विसरण-चित्र आणि वरील गतिमान चित्र यांच्या संयोगास बहुघटकी एमआरआय म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ या ब्रिटिश अभ्यासात ५७६ पुरुषांची तपासणी झाली. त्यात या पद्धतीने महत्त्वाचे कर्करोग ९३ टक्के प्रमाणात ओळखले; रूढ बायोप्सीने केवळ ४८ टक्के. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात ५०० पुरुष होते. एमआरआय आधी केलेल्या गटात २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली, तरीही महत्त्वाचे कर्करोग अधिक सापडले : ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के. सुईची टोचणी, जंतुसंसर्गाचा धोका व अनावश्यक चिंता यांपासून मिळालेली ही सुटका रुग्णाच्या दृष्टीने लहान नव्हे.

मर्यादा :
वाहिन्या दिसल्या म्हणजे कर्करोग दिसला, असे मात्र म्हणता येत नाही. ग्रंथीच्या दाहात रक्तपुरवठा वाढतो. वयोमानाने वाढलेल्या मध्यभागातील गाठीही भराभर उजळतात. उलटपक्षी काही कर्करोग फारसे उजळत नाहीत. या कारणांमुळे एमआरआयच्या वाचनासाठी तयार झालेल्या ‘पाय-रॅड्स’ या गुणांकन पद्धतीच्या २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत गतिमान चित्राचे स्थान दुय्यम करण्यात आले. बाह्य भागातील संशय विसरण-चित्रावरून मध्यम प्रतीचा ठरला, तरच गतिमान चित्र निर्णय बदलू शकते.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ अभ्यासाने यापुढील पाऊल टाकले. त्यात १२ देशांतील ४९० पुरुषांची चित्रे कॉन्ट्रास्टसह व त्याविना वाचली गेली. महत्त्वाचे कर्करोग आढळण्याचे प्रमाण दोन्ही वाचनांत २९ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहिले. कॉन्ट्रास्ट वगळल्यास तपासणीचा वेळ व खर्च वाचतो आणि इंजेक्शनही टळते. मूत्रपिंडे अत्यंत दुर्बल असलेल्या रुग्णांत काही गॅडोलिनियम संयुगांमुळे त्वचा व अवयव कठीण करणारा विकार होतो, हे २००६ पासून ज्ञात आहे, ही बाबही येथे लक्षात घ्यावी लागेल. तथापि, विसरण-चित्राचा दर्जा चांगला असेल तेव्हाच हा निष्कर्ष लागू पडतो. चित्र सदोष असल्यास कॉन्ट्रास्टचा आधार आजही घ्यावा लागतो.

उपचाराच्या क्षेत्रातील अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधास आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुरःस्थ ग्रंथीच्या प्रगत कर्करोगात १,०५० रुग्णांवर ते डोसेटॅक्सेलसोबत योजून पाहण्यात आले. २०१२ च्या अहवालानुसार रोगाची वाढ काहीशी लांबली. परंतु एकूण आयुर्मानाचा मध्यक २१.५ वरून २२.६ महिने इतकाच झाला व हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य ठरला नाही. उलट उपचारजन्य मृत्यू १.२ वरून ४ टक्क्यांवर गेले. गाठीला रक्त मिळविण्याचे एकाहून अधिक मार्ग असतात. एक मार्ग अडविला की ती दुसरा शोधते, असे यामागील एक संभाव्य कारण मानले जाते.

निष्कर्ष :
१. नवरक्तवाहिनीजनन हा पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या वाढीतील एक आवश्यक टप्पा आहे; परंतु तो या रोगाची एकमेव ओळख नव्हे.
२. गळक्या वाहिन्यांवर आधारित गतिमान एमआरआय हे साहाय्यक साधन आहे, अंतिम प्रमाण नव्हे. निदानाचा निर्णय आजही सूक्ष्मदर्शकाखालील ऊतीवरच होतो.
३. बायोप्सीपूर्वी एमआरआय केल्याने अनेक पुरुषांची अनावश्यक बायोप्सी टळते. कॉन्ट्रास्टविना होणारी तपासणी ही सोय अधिक लोकांपर्यंत नेऊ शकेल. मात्र त्यासाठी चांगले यंत्र आणि ते चित्र वाचणारा अनुभवी तज्ज्ञ या दोहोंची आवश्यकता आहे.

एखादी जैविक घटना सत्य असणे आणि ती रुग्णाच्या उपयोगी पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. फोकमन यांचा सिद्धान्त पहिल्या कसोटीस उतरला आहे. दुसऱ्या कसोटीवर त्याची पारख प्रत्येक अवयवासाठी व प्रत्येक तपासणीसाठी स्वतंत्रपणेच करावी लागते, हेच या विवेचनातून दिसून येते.