ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटप

ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटप ही टंचाईच्या वर्षी नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणांतून पैठणजवळील जायकवाडी धरणात पाणी सोडण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. गोदावरी जलतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यानुसार पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. त्यामुळे हा वाद दोन राज्यांमधील नसून एकाच राज्यातील वरच्या व खालच्या लाभक्षेत्रांमधील आहे.

पार्श्वभूमी

गोदावरी, दारणा, प्रवरा व मुळा या नद्या सह्याद्रीत उगम पावतात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे पर्जन्यछायेत झपाट्याने घटतो. दारणा (१९१६) व भंडारदरा (१९२६) या ब्रिटिशकालीन धरणांच्या कालव्यांवर ऊस वाढला आणि पुढे साखर कारखानदारी उभी राहिली. जायकवाडीचा शिलान्यास १९६५ मध्ये झाला व धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. हे धरण भरण्यासाठी वरून वाहून येणाऱ्या पाण्यावर विसंबते. मात्र जायकवाडीनंतरही वरच्या भागात निळवंडेसारखी धरणे होत राहिली.

कायदेशीर तरतूद

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम १२(६)(ग) नुसार ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांतील वापरण्यायोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपातील वापर धरून, साधारणतः सारखी राहावी लागते. येथे ‘समन्यायी’ आणि ‘समसमान’ या शब्दांत गल्लत होऊ नये. कायदा पाण्याचे नव्हे, तर तुटीचे वाटप करतो. साठे सत्तर टक्क्यांवर आणायचे ठरले, तर दहा टीएमसीच्या धरणात सात आणि पन्नास टीएमसीच्या धरणात पस्तीस टीएमसी राहील. ‘खरिपातील वापर धरून’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. एखाद्या धरणाने पावसाळ्यात कालवे चालवून साठा कमी केला, तरी ते पाणी त्याच्या हिश्श्यात मोजले जाते.

मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा खरीप वापरासह ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणसमूहांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडावे, असे त्याचे सूत्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ही व्यवस्था उचलून धरली.

अंमलबजावणी

२०१५ मध्ये १२.८४ आणि २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. ३० ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात ८.६०३ टीएमसीची विभागणी अशी होती: प्रवरा समूह ३.३६, गोदावरी-दारणा २.६४३, मुळा २.१० आणि गंगापूर ०.५. प्रत्यक्ष विसर्ग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला.

ही दिरंगाई किरकोळ नाही. पावसाळा संपताच नदीचे पात्र कोरडे पडू लागते आणि उशिरा सोडलेले पाणी वाळूत अधिक मुरते. म्हणून विसर्गाच्या काळात वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात व काठावरील शेतीपंपांची वीज तोडली जाते. वरच्या शेतकऱ्यांचा आक्षेप येथेच टोकदार होतो: त्यांचे रब्बीचे एक आवर्तन बुडते, पण धरणातून निघालेले सगळे पाणी पैठणला पोहोचत नाही. आक्षेप खरा आहे, मात्र तो वाटपाच्या तत्त्वापेक्षा विसर्गाच्या वेळेला अधिक लागू पडतो.

जायकवाडीकडेही प्रश्न आहेत. जलाशय उथळ व विस्तीर्ण असल्याने बाष्पीभवन मोठे होते आणि त्याच्या लाभक्षेत्रातही ऊस आहेच. छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरे, तसेच परिसरातील औद्योगिक वसाहती याच धरणावर अवलंबून आहेत. राज्याच्या २०११ च्या धोरणबदलाने पिण्याच्या पाण्यानंतर शेतीला, मग उद्योगांना क्रम दिला. २०१६ व २०१९ च्या उन्हाळ्यांत जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला आणि या शहरांना ७३८ दशलक्ष घनमीटर क्षमतेच्या मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले.