सप्टेंबरची घाई कोणाची?

२०२३ च्या जूनमध्ये माझ्या भाचीचा ‘नीट’चा निकाल लागला. ७२० पैकी ३१२ गुण. त्या वर्षी खुल्या गटाला पात्रतेसाठी १३७ पुरे होते, म्हणजे मुलगी पात्र ठरली होती. पण सरकारी महाविद्यालयातली जागा पाचशेच्या बरीच पुढे होती आणि खासगीची फी मेहुण्यांच्या कुवेतच्या पगारात बसणारी नव्हती. मेहुणे महिनाभराच्या रजेवर आलेले. शेजारच्या शहरातल्या एका एजंटच्या कचेरीत बापलेक जाऊन आले ते हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन. एजंटने सांगितले होते, ‘आठ दिवसांत पन्नास हजार भरा, सप्टेंबरची बॅच निघतेय. नीटचे मार्क याच वर्षापुरते चालतात.’

बहिणीचा फोन आला, ‘भाई, तू एवढे कागद वाचतोस, हा एक वाच.’

मी बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधाच्या चिठ्ठीपुरता. पण नियम वाचायला डॉक्टर असावे लागत नाही. दोन रात्री बसलो आणि पहिलीच गोष्ट सापडली ती ही, की एजंटचे शेवटचे वाक्य खोटे होते. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करायचा असेल, तर २०१८ पासून नीटमध्ये पात्र ठरणे सक्तीचे आहे, हे खरे. पण त्या पात्रतेचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षे धरला जातो. म्हणजे सप्टेंबर चुकला तर दार बंद होत नव्हते. घाई एजंटला होती आणि थोडी मेहुण्यांच्या रजेला होती.

दुसरी गोष्ट उमगायला जरा वेळ लागला. आपण सगळे पुढे मोजतो. आज पैसे भरले, उद्या व्हिसा, परवा विमान. खरे तर मोजणी उलटी, शेवटाकडून करायला हवी. मुलगी भारतात रुग्ण तपासायला बसेल तो दिवस कोणता, तिथून मागे या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नियमावली १८ नोव्हेंबर २०२१ ची आहे. तिच्यानुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप, तीही त्याच संस्थेत. त्या पदवीवर तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने तिथे व्यवसायाचा परवाना मिळू शकला पाहिजे. मग मायदेशी परतून परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांच्या आत अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा. गझलेच्या मात्रा मोजायची सवय होती, इथे महिने मोजले.

परतल्यानंतरच्या परीक्षेचे नाव ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन’. तिच्या जागी ‘नेक्स्ट’ नावाची परीक्षा आणायचे नियमात ठरलेले आहे. ती येईपर्यंत हीच. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. वर्षातून दोनदा, सहसा जून आणि डिसेंबरमध्ये. परीक्षेआधीच्या एका ठरलेल्या तारखेपर्यंत पदवी हातात असावी लागते. त्यामुळे कोणत्या महिन्यात गेलात यावर कोणत्या महिन्यात परत आलात हे ठरते आणि त्यावर पुढची परीक्षा लगेच मिळते की काही महिने घरी बसावे लागते हे. एक जागा तर मी तीनदा वाचली. अलीकडच्या फेऱ्यांत या परीक्षेला बसणाऱ्यांतले कधी पाचातला एक, कधी चारातला एक उत्तीर्ण होतो. माहितीपत्रकात हा आकडा नव्हता.

मग मी भाचीला विचारले, ‘तुझे गुण कुठे गेले?’ जीवशास्त्र चांगले होते, भौतिकशास्त्राने खाल्ले होते. बारावी आणि नीट एकाच वर्षी ओढली होती. अशा मुलीला एक वर्ष देण्यात अर्थ आहे. तेच भौतिकशास्त्र दोन वर्षे मन लावून करून तिथेच अडलेल्या मुलाला मी थांब म्हणणार नाही. ‘ड्रॉप घेणे’ हा शब्द हल्ली घराघरांत फार सहज बोलला जातो. पहिल्या वर्षाला कारण असते, तिसऱ्या वर्षाला बहुधा फक्त भीती असते.

आणि मुलीच्या बाबतीत थांबणे इतके सोपे नसते. आमच्याकडे मुलगी वर्षभर घरात दिसली की लोकांना तिच्या लग्नाची आठवण होते. त्या वर्षात दोन स्थळे आली. बहिणीने दोन्ही वेळा चहा दिला आणि ‘मुलीची परीक्षा आहे’ एवढे एकच वाक्य सांगून पाहुण्यांना वाटेला लावले. माझ्या सल्ल्यापेक्षा त्या वाक्याचा उपयोग जास्त झाला, हे मी कबूल करतो.

ठरले ते असे : एकच वर्ष, आणि त्या वर्षात दोन्ही वाटा तयार ठेवायच्या. पासपोर्ट काढायचा, बारावीच्या गुणपत्रिकेवर अपोस्टिलचा शिक्का घ्यायचा, तीन-चार देशांची माहिती एजंटकडून नव्हे, तर तिथे शिकणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्यायची. निकालानंतर ही धावपळ सुरू केली की सप्टेंबर खरोखरच गळ्याशी येतो आणि मग जो पहिला भेटेल त्याच्या हाती कागद जातात.

कधी जायचे याला आणखी एक बाजू आहे, ती आपल्या हातात नसते. २०२० मध्ये करोनामुळे चीनमधून परतलेली आपली मुले व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टपर्यंत, घरी बसून ऑनलाइन शिकत राहिली. २०२१ च्या शरदात युक्रेनला गेलेली मुले पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युद्धातून जीव वाचवून परत आली. शेवटच्या वर्षातल्यांना पुढे इथे परीक्षेची सवलत मिळाली. पहिल्या वर्षातल्यांना भारतात जागा मिळाल्या नाहीत. त्यांना दुसऱ्या देशातले विद्यापीठ शोधावे लागले. १८ नोव्हेंबर २०२१ च्या आधी प्रवेश घेतलेल्यांना जुने नियम आणि नंतरच्यांना नवे, हा फरक तर कित्येकांच्या गावीही नव्हता.

भाचीची एक वर्गमैत्रीण त्याच एजंटच्या बॅचमधून २०२३ मध्येच किर्गिझस्तानला, बिश्केकला गेली. मे २०२४ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा ती खोलीचे दार आतून लावून बसली होती. इकडे माझी भाची भौतिकशास्त्र करत होती आणि दर तासाला फोन बघत होती. ती मैत्रीण सुखरूप आहे, तिथेच शिकते आहे आणि भाचीच्या एक वर्ष पुढे आहे. तिचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

२०२४ ला भाचीला ४४८ गुण मिळाले. एकशे छत्तीस वाढले. पण त्या वर्षी २३ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली, गुणांचा पूर आला, पेपरफुटीचा वाद न्यायालयात गेला आणि सुधारित निकाल जुलैअखेर लागला. सरकारी जागेची रेषा तिच्या गुणांपेक्षा उंच उडाली होती. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मामू, आता जाते.’ कागद तयार होते. ऑक्टोबरमध्ये ती जॉर्जियाला, तिबिलिसीला गेली. (अमेरिकेतला जॉर्जिया नव्हे, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचा. अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरीला जाताच येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, आणि अर्ज प्रवेशाच्या वर्षभर आधी. शिवाय अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत.)

ते वर्ष वाया गेले का, असे मेहुण्यांनी मला विचारले होते. मी उत्तर दिले नाही. भाचीने दिले, तेही बऱ्याच महिन्यांनी. म्हणाली, पहिल्या वर्षाच्या जीवरसायनाला तिला इतरांइतके घाबरायला होत नाही. सध्या ती जॉर्जियन लिपी गिरवते आहे, कारण शिकवणे इंग्रजीत असले तरी खाटेवरचा रुग्ण इंग्रजीत कण्हत नाही. तिने स्वतःच हिशेब मांडून पाठवला : २०३० च्या उन्हाळ्यात तिथली इंटर्नशिप संपणार, डिसेंबर २०३० ची परीक्षा, २०३२ मध्ये इथली इंटर्नशिप पुरी. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची असेल. एक वर्ष आधी गेली असती तर सव्वीस.

तिचा धाकटा भाऊ आता अकरावीला आहे. मागच्या आठवड्यात मेहुण्यांचा कुवेतहून फोन आला, ‘याचं कधी करायचं?’ मी म्हटले, याला डॉक्टर व्हायचे आहे का ते आधी त्याला विचारा, आणि उत्तर काहीही येवो, पासपोर्टचा अर्ज मात्र करून ठेवा.