पडद्याचा आकार आणि खेळाचे रूप

घरात नवा रुंद मॉनिटर यावा, मुलांनी हौसेने त्यावर एखादा जुना आवडता खेळ लावावा आणि खेळातला चपळ वीर एकाएकी लठ्ठ नि बुटका दिसू लागावा, हा अनुभव आता पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. कोणी म्हणतो मॉनिटर सदोष आहे, कोणी म्हणतो कॉम्प्युटर जुना झाला; वडीलमंडळींच्या मते तर या खेळांचा नादच वाईट. मग दुकानदाराकडे खेपा सुरू होतात आणि क्वचित धडधाकट वस्तू विकून दुसरी आणली जाते. आम्हांस वाटते, यांपैकी बहुतेक तक्रारींत दोष कोणत्याच यंत्राचा नसतो. चित्र एका आकाराचे आणि पडदा दुसऱ्या आकाराचा, एवढेच त्याचे मूळ असते. ते एकदा उमगले म्हणजे उपाय घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता करता येतो.

पडद्याच्या आकाराची ही कथा सिनेमापासून सुरू होते. मूकपटांच्या काळी फिल्मवरील चित्र रुंदीस चार भाग आणि उंचीस तीन भाग असे. पुढे टेलिव्हिजनने हेच प्रमाण उचलले आणि त्याच्यामागोमाग कॉम्प्युटरच्या मॉनिटरनेही. टेलिव्हिजनशी स्पर्धा करण्यासाठी सिनेमा मात्र रुंद होत गेला; १९५३ साली सिनेमास्कोप अवतरला. घरातल्या पडद्याला रुंद व्हावयास आणखी अर्धे शतक लागले. या शतकाच्या पहिल्या दशकात मॉनिटर प्रथम १६:१० आणि नंतर १६:९ या प्रमाणाचे होऊ लागले. आज दुकानांत बहुतांशी हा दुसरा प्रकार आढळतो, आणि त्याहूनही रुंद असे २१:९ म्हणून ओळखले जाणारे मॉनिटरही मिळतात.

आता ४:३ या प्रमाणात रचलेला खेळ १६:९ च्या पडद्यावर आला, म्हणजे तीनच गोष्टी संभवतात. पहिली, चित्र आडवे ताणून पडदा भरणे. यात प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते आणि वाटोळा चेंडू आडव्या अंड्यासारखा दिसतो. दुसरी, चित्राचे मूळ प्रमाण राखून दोन्ही बाजूंस पडद्याचा एकेक अष्टमांश भाग काळा सोडणे. तिसरी, चित्राची वरची-खालची कड मिळून एक चतुर्थांश उंची कापून टाकणे. पहिल्या मार्गाने पडदा भरल्याचे समाधान लाभते, पण रूप बिघडते. तिसऱ्या मार्गाने रूप राहते, पण चित्र हरवते. दुसरा मार्ग तेवढा प्रामाणिक. त्या काळ्या पट्ट्यांना वाया गेलेली जागा समजू नये. तसबिरीभोवती आपण कोरी कड सोडतो, तशाच त्या आहेत.

जुन्या खेळांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. १९९३ साली निघालेल्या ‘डूम’ या खेळाचे चित्र रुंदीस ३२० आणि उंचीस २०० बिंदूंचे असे. हे चित्र त्या काळच्या मॉनिटरवर ४:३ या प्रमाणात पसरे, म्हणजे प्रत्येक बिंदू चौरस नसून रुंदीच्या १.२ पट उंच असे. आजच्या मॉनिटरचे बिंदू चौरस असतात. त्यांवर तेच चित्र बिंदूस बिंदू मांडले तर एक षष्ठांश उंची नाहीशी होते. जॉर्डन मेक्नर यांचा, मूळ १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अनेकांना आठवत असेल. त्यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावणे व उड्या मारणे यांचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. हाडामांसाच्या माणसावरून बेतलेला तो राजपुत्र ठेंगणा दिसावा, हे त्या मेहनतीवर पाणी ओतण्यासारखेच होय. असे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालविणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ नावाची सोय आहे. ती चालू केली की हरवलेली उंची परत मिळते.

रुंद पडद्यासाठी केलेल्या खेळांतही वाद उद्भवतोच. २००७ साली ‘बायोशॉक’ हा खेळ आला, तेव्हा रुंद पडदा असलेल्यांना बाजूंना अधिक काही दिसेना. उलट जुन्या ४:३ पडद्यावर वर-खाली जास्त भाग दिसत होता. आपण रचना रुंद पडद्यासाठीच केली असून जुन्या पडद्यांना उंची वाढवून दिली, असा खुलासा कर्त्यांनी केला. तरीही पुढे खेळात दुरुस्ती करून दृष्टीची व्याप्ती वाढविण्याची सोय त्यांना द्यावी लागली. ही व्याप्ती, म्हणजेच ‘फील्ड ऑफ व्ह्यू’, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. पडद्याजवळ बसून अरुंद दृष्टीने धावपळीचा खेळ खेळताना काहींना घेरी येते, मळमळते. अशा वेळी ती थोडी वाढवून पाहावी. फार वाढविल्यास कडेच्या वस्तू ताणलेल्या दिसतात, परंतु तो मॉनिटरचा दोष नव्हे.

मग घरी करावे काय? प्रथम फूटपट्टी घ्यावी. खेळातील घड्याळ, चाक किंवा चंद्र असे काही वाटोळे पडद्याच्या मध्यभागी, अगदी समोरून दिसेल असे आणून त्याची रुंदी व उंची मोजावी. दोन्ही सारखी असतील तर चित्र बरोबर आहे. नसतील तर कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे स्वतःचे रिझोल्यूशन निवडावे. जुन्या काचनळीच्या मॉनिटरला वेगवेगळी रिझोल्यूशन सहज मानवत. आजच्या पडद्यावरील बिंदूंची संख्या ठरलेली असते, म्हणून दुसरे रिझोल्यूशन दिल्यास अक्षरे अंधूक दिसतात. त्यानंतर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये किंवा मॉनिटरच्या मेनूत ‘फुल’ ऐवजी ‘अ‍ॅस्पेक्ट’ हा पर्याय निवडावा. कॉम्प्युटर टीव्हीला जोडला असता चित्राच्या चारही कडा कापल्या जात असतील, तर ती जुन्या टेलिव्हिजनची कडा झाकण्याची सवय होय. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाने तिच्यावरचा उपाय सापडतो.

नवा मॉनिटर घ्यावयाचाच असेल तर नुसत्या इंचांवर भाळू नये. इंच मोजले जातात ते कर्णावर. १६:९ प्रमाणाचा २४ इंची पडदा सुमारे ११.८ इंच उंच असतो, तर २१:९ चा २९ इंची पडदा अवघा ११.३ इंच. पाच इंच अधिक मोजून उंची कमीच पदरात पडते. शिवाय १६:९ च्या खेळाला त्या पडद्याची सुमारे तीन चतुर्थांशच रुंदी पुरते. मुख्यतः जुने खेळ खेळणाऱ्याने, किंवा ज्या घरी त्याच मॉनिटरवर वाचन-लेखनही चालते त्यांनी, हा हिशेब आधी मांडावा.

हा विचार खेळांपुरताच आहे असेही नाही. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या कुटुंबांत जुने मराठी चित्रपट घरच्या टीव्हीवर मोठ्या प्रेमाने पाहिले जातात. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ ज्या काळी चित्रित झाला, त्या काळी पडदा एवढा रुंद नव्हता. तो पडदाभर ताणून लावला, तर विष्णुपंत पागनीसांचा तो सात्त्विक चेहराही बेढब होतो, आणि नव्या पिढीला वाटते की जुने चित्रपट असेच असत. खेळ असो वा बोलपट, कर्त्याने ज्या आकारात तो घडविला त्याच आकारात तो मुलांपुढे यावा. दोन काळ्या पट्ट्या सोसल्या म्हणजे हे साधते. त्यासाठी नवा पडदा आणावा लागत नाही.