आजीचे तीन शब्द

डॉक्टरांनी आजीला तीन शब्द सांगितले: आंबा, खुर्ची, नाणं. तिने लगेच म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तर एकही नाही. "मला कुठे काय सांगितलं होतं?" तोवर मला वाटायचं, ती लक्षच देत नाही. चिडायचोही.

मग हेन्री मोलेसनबद्दल वाचलं. अमेरिकेत १९५३ साली, फिट येऊ नये म्हणून, त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर नवी आठवण साठेचना. ऐकलेले आकडे तो लगेच म्हणायचा, पण लक्ष जरा दुसरीकडे गेलं की सगळं पुसलं. म्हणजे क्षणभर धरून ठेवणं वेगळं आणि साठवणं वेगळं! ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात बसला, पण आधी हे केल्याचं त्याला आठवत नसे. हातांची आठवण आणखी तिसरीच.

आजीचं अगदी तसंच आहे, असं नाही. पण परवा तिच्यापुढे उकड ठेवली. अकरा मोदक, कळ्या एकसारख्या.

"छान झालेत रे, कोणी केले?"

"तूच, आजी."

चारदा विचारलं. चारदा सांगितलं.